फिट थांबल्या, पाढे मात्र गेले: झोपेतल्या अपस्माराचं एक प्रकरण

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ आहे. हे प्रकरण माझ्याच दवाखान्यातलं आहे आणि त्यातली पहिली मोठी चूकही माझीच आहे. आईवडिलांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला इथे भैय्या म्हणतो, कारण खानदेशात दर दुसऱ्या घरात एक भैय्या असतोच.

पार्श्वभूमी

भैय्या पहिल्यांदा आला तेव्हा साडेसहा वर्षांचा होता. वडील जिनिंगमध्ये हंगामी कामाला, आई कपाशी वेचायला आणि निंदायला जाणारी. घरात आजी-आजोबा. आजोबांचा क्षयाचा कोर्स दोन वर्षांपूर्वी पूर्ण झालेला. हा तपशील तेव्हा मी नुसता लिहून ठेवला, पुढे तोच निर्णायक ठरला. बाळंतपण नीट झालेलं, मूल वेळेवर चाललं, बोललं. घरी सगळे अहिराणी बोलतात, शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची.

पहिली फिट पहाटे चारच्या सुमारास आली. तोंड उजवीकडे वाकडं, लाळ, घशातून गुरगुर. पोरगा आईकडे बघत होता, बोलायचा प्रयत्न करत होता, शब्द फुटत नव्हता. दोन मिनिटांत सगळं शांत. उकाडा होता, घरातले सगळे अंगणात ओळीने झोपलेले, म्हणून कळलं तरी. मोठी माय, म्हणजे आजी, म्हणाली, रातचं वारं लागलं. भगताकडून दोरा आणला. दोऱ्याला मी कधी हात लावत नाही. दोरा राहू द्या, गोळीही राहू द्या, एवढंच सांगतो.

चार महिन्यांनी दुसरी फिट आली, या वेळी सगळं अंग झटकलं. वर्णन ऐकताच निदान डोक्यात आलं होतं: रोलँडिक अपस्मार. शाळकरी वयातल्या अपस्मारांत हा नेहमी भेटणारा प्रकार. झोपेत येतो, चेहऱ्याच्या एका बाजूला येतो आणि बहुतेक मुलांत वयात येईपर्यंत आपोआप जातो. ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या आलेखासाठी, जळगावला पाठवलं. रिपोर्टमध्ये अपेक्षेप्रमाणे कानशिलाच्या वरच्या भागातले टोकदार तरंग होते. मी कार्बामाझेपीन सुरू केलं, सकाळी 100 आणि रात्री 200 मिलिग्रॅम. मुलाचं वजन तेव्हा 20 किलोच्या आसपास.

त्या रिपोर्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं की मूल झोपलं नाही, रेकॉर्डिंग जागेपणीचं आहे. मी खालचा निष्कर्ष वाचला आणि कागद फाईलला लावला.

अडचण

फिट बंद झाल्या. एकदम बंद. वडील पेढे घेऊन आले. पुढचे पाच महिने ते फक्त गोळ्या न्यायला यायचे, मी विचारायचो, ‘फिट आली का?’ ते म्हणायचे, ‘नाही साहेब.’ मी चिठ्ठी लिहायचो. एका भेटीला तीन मिनिटं पुरे व्हायची.

सहाव्या महिन्यात आई एकटी आली. म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, झटका बंद व्हयनात, पन पोऱ्या येडासारखा करस. काल शिकाडेल आज इसरी जास.’ मी तिला सांगितलं की औषधाने थोडी गुंगी येते, शिवाय कपाशीच्या निंदणीत शाळा बुडाली असेल. दोन्ही कारणं पटण्यासारखी होती. दोन्ही चुकीची निघाली.

पंधरा दिवसांनी तीच परत आली, या वेळी शाळेच्या गुरुजींची चिठ्ठी घेऊन. त्या चिठ्ठीची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. गुरुजींनी काहीही निदान केलेलं नव्हतं, फक्त नोंदी होत्या. पहिलीच्या शेवटी बारापर्यंत पाढे तोंडपाठ, आता सातच्या पुढे जात नाही. शुद्धलेखनात ओळ अर्धी सोडतो. हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्यांदा बघतो, ‘ऐकू कमी येतं का तपासावे’. मारामाऱ्या वाढल्या. मधल्या सुट्टीत खिचडीची ताटली हातातून तीन वेळा पडली.

ताटलीपाशी मी थांबलो. भैय्याला हात पुढे सरळ करून उभं राहायला सांगितलं, डोळे मिटून. अर्ध्या मिनिटात उजवा पंजा क्षणभर खाली गेला आणि लगेच वर आला, मग पुन्हा. हा झटका नसतो, उलट स्नायूचा ताण डोळ्याची पापणी लवेपर्यंत सुटतो. याला निगेटिव्ह मायोक्लोनस म्हणतात. वरून दिसतो तो नुसता धांदरटपणा. रोलँडिक अपस्मारात तो दिसला, त्यातही कार्बामाझेपीन चालू असताना, तर झोपेतला ईईजी केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे मला पुस्तकातून माहीत होतं. समोर उभं राहिल्यावर ओळखायला सहा महिने लागले.

झोपेतला ईईजी

वडिलांना हे पटेना. फिट नाही, मग तपासणी कशाला? जळगावचं येणं-जाणं, मशीनचे पैसे, दोघांचा बुडणारा रोज. त्यांची बाजू खोटी नव्हती. मी सहा महिने त्यांना एकच प्रश्न विचारत आलो होतो, ‘फिट आली का?’, म्हणजे आजार फिटमध्येच आहे हे त्यांना मीच शिकवलं होतं.

मूल लॅबमध्ये झोपायला हवं, तर आदल्या रात्री त्याला कमी झोपू द्यावं लागतं. आईनेच तोड काढली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशी देवी, बसते, रात्रभर जागर असतो, सोमवारी विसर्जन. ‘त्या राती तो तसाही झोपत नही.’ सोमवारी दुपारची वेळ घेतली. सकाळी कानबाई नदीवर पोचवून, रोटाचा प्रसाद डब्यात घेऊन ते लॅबला पोचले. तारा लावून होईपर्यंत भैय्या झोपलाही होता.

जागेपणीच्या भागात अधूनमधून तरंग होते. झोप लागली आणि कागद भरून गेला. गाढ झोपेत, स्वप्नांची झोप सोडून, दर 100 सेकंदांपैकी सुमारे 85 सेकंदांत स्पाइक-वेव्ह, म्हणजे टोकदार आणि त्यामागे संथ अशा तरंगांच्या जोड्या. या टक्केवारीलाच स्पाइक-वेव्ह इंडेक्स म्हणतात. जाग आल्यावर कागद पुन्हा जवळजवळ साफ.

हा आजार नेमका काय

1971 साली पात्री, ल्यागुबी आणि तासिनारी यांनी झोपेत असा अखंड विद्युत उपद्रव असलेली मुलं पहिल्यांदा मांडली. बरीच वर्षं याला ईएसईएस (इलेक्ट्रिकल स्टेटस एपिलेप्टिकस इन स्लीप) म्हणत आणि 85 टक्क्यांचा निकष वापरत. आता पुष्कळ ठिकाणी 50 टक्के पुरेसे धरतात. 2022 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नाव बदललं: एपिलेप्टिक एन्सेफॅलोपॅथी विथ स्पाइक-वेव्ह ॲक्टिव्हेशन इन स्लीप. नाव लांबलचक असलं तरी त्यात नेमका मुद्दा आहे. ईईजीवरचा उपद्रवच मेंदूचं काम बिघडवतो. फिट कमी असतात, कधी नसतातही. याच कुळातला लँडाउ-क्लेफ्नर सिंड्रोम 1957 पासून माहीत आहे. त्यात मुलाला आवाज ऐकू येतो पण बोलण्याचा अर्थ लागेनासा होतो, आणि पुष्कळदा ते बहिरं ठरवलं जातं. म्हणून भैय्याच्या कानांची तपासणी केली, ती नॉर्मल आली. भाषा त्याची पूर्ण गेलेली नव्हती. लक्ष आणि स्मरण गेलं होतं.

कारणाबद्दल एक पटण्यासारखी मांडणी अशी: दिवसभर शिकताना मेंदूतल्या जोडण्या वाढत जातात, गाढ झोपेच्या संथ लहरींत त्यांची छाटणी होते, कामाचं राहतं, बाकीचं जातं. रात्रभर स्पाइक चालू राहिले की ही छाटणी नीट होत नाही. वडिलांना मी जिनिंगच्या भाषेत सांगितलं. दिवसा कपाशीच्या गाड्या येतात, रात्री रुई आणि सरकी वेगळी व्हायला हवी, पण मशीन रात्रभर धडधडतं आणि सकाळी बघावं तर माल तसाच पडलेला. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, ‘म्हंजे रातपाळी वाया जास.’ माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा हे बरं होतं.

पर्याय

एमआरआय नॉर्मल आला. म्हणजे शस्त्रक्रियेने काढता येईल असं काही नव्हतं, तो पर्याय तिथेच संपला. मुंबईतल्या एका बालमेंदूविकारतज्ज्ञांशी फोनवर बोललो, ईईजी पाठवला.

पहिली गोष्ट ठरली ती कार्बामाझेपीन हळूहळू बंद करण्याची. कार्बामाझेपीन, ऑक्सकार्बाझेपीन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं फिट थांबवत असतील, पण काही मुलांत झोपेतला उपद्रव वाढवू शकतात. ज्या औषधासाठी पेढे मिळाले तेच काढायचं होतं.

त्याच्या जागी काय, इथे खरी घासाघीस झाली. रात्री मोठ्या डोसमध्ये डायझेपामचा तीन-चार आठवड्यांचा कोर्स ही एक जुनी पद्धत. पण त्यात श्वासावर लक्ष ठेवावं लागतं आणि हे घर दवाखान्यापासून चौदा किलोमीटरवर, पावसाळ्यात मधला फरशीचा पूल पाण्याखाली जाणारा. ते सोडलं. उरले दोन: रात्रीची क्लोबाझाम किंवा स्टेरॉइड.

स्टेरॉइडच्या बाजूने आकडे होते. 2015 साली आधी प्रसिद्ध झालेली 575 मुलं एकत्र करून केलेल्या विश्लेषणात सुधारणा नेहमीच्या औषधांनी 49 टक्के, बेंझोडायझेपीनने (क्लोबाझाम याच गटातलं) 68, स्टेरॉइडने 81 आणि निवडक मुलांत शस्त्रक्रियेने 90 टक्के दिसली. अर्थात हे सगळं मागे वळून पाहिलेलं. यश मिळालं की लेख लिहिला जातो, अपयश फाईलमध्येच राहतं, हे लक्षात ठेवून वाचायचं. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे विरुद्ध पारड्यात आजोबांचा क्षय होता आणि कांजिण्यांची लस न घेतलेलं मूल होतं.

तज्ज्ञांचा कल स्टेरॉइडकडे होता. मी क्लोबाझाम म्हटलं, ‘आठ आठवडे बघू’. निर्णय माझ्यावर सोडला गेला.

काय केलं

कार्बामाझेपीन तीन आठवड्यांत उतरवलं, क्लोबाझाम रात्री 5 मिलिग्रॅमपासून 15 पर्यंत नेलं. दहा-बारा दिवसांत हातातून वस्तू पडणं थांबलं. आणि मग एका पहाटे फिट आली. अख्खं घर दवाखान्यात. आजी थेट म्हणाली, आधीचंच औषध बरं होतं, डॉक्टर बदला. मी तेव्हा काही समजावलं नाही. गुरुजींची चिठ्ठी काढून आईसमोर ठेवली. ती वाचता येत नसलेली बाई तो कागद ओळखत होती. तिने सासूला एवढंच सांगितलं, ‘फिट एक उनी. पाढा पाच गयात.’ औषध बदललं नाही.

आठ आठवड्यांनी झोपेतला ईईजी केला, इंडेक्स 70 च्या घरात. मुलगा दिवसा पेंगत होता आणि चिडला की बहिणीला चावत होता. क्लोबाझामने हे होऊ शकतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

स्टेरॉइडआधी ट्यूबरक्युलिन चाचणी आणि छातीचा एक्स-रे केला, दोन्ही साफ. आजोबांची थुंकी पुन्हा तपासून घेतली, निगेटिव्ह. कांजिण्यांची लस जिवंत विषाणूची. ती देऊन स्टेरॉइडसाठी आणखी चार आठवडे थांबायचं की न देता पुढे जायचं? थांबलो नाही. शाळेत किंवा गल्लीत कुणाला कांजिण्या झाल्या तर त्याच दिवशी फोन करायचा, एवढं गुरुजींना आणि आईला पक्कं सांगितलं.

रोज तोंडाने प्रेडनिसोलोन देण्याऐवजी दर महिन्याला तीन दिवस मिथिलप्रेडनिसोलोनचं सलाईन ठरवलं, दर किलोला 20 मिलिग्रॅम. महिनोन्महिने रोज गोळी देण्यापेक्षा यात वजन आणि वाढीवरचे परिणाम कमी होतात, आणि दुसरं कारण साधं होतं: रोजची स्टेरॉइडची गोळी मध्येच अचानक बंद पडली तर धोका असतो आणि वेचणीच्या हंगामात ती बंद पडणारच होती. तीन दिवसांच्या भरतीत रक्तदाब, साखर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर. अशा सहा फेऱ्या झाल्या. एक फेरी तापामुळे आठवडाभर पुढे ढकलली. त्या तीन दिवसांत भैय्या कुणाचंही ताट सोडत नसे. सहा महिन्यांत वजन अडीच किलोने वाढलं.

बुद्धिमापनाचा एक किस्सा इथेच सांगतो. तिसऱ्या फेरीनंतर नाशिकला मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी ठेवली होती. शाब्दिक भागात पोरगा गप्प. मानसशास्त्रज्ञ बाई प्रमाण मराठीत विचारत होत्या. आईने राहवून तोच प्रश्न अहिराणीत विचारला तर उत्तर आलं. चाचणी अशी मध्येच भाषांतर करून चालत नाही, त्यामुळे त्या बाईंनी आकडा दिला पण शाब्दिक भाग जपून वाचावा असा शेरा मारला आणि आकृत्यांच्या, कृतीच्या भागावर भर दिला. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत प्रामाणिक वाक्य तो शेराच होता. पुढच्या तुलनेसाठी आम्ही मुलाचे आधीचे गुणच वापरले, दुसऱ्या मुलांचे नाहीत.

काय झालं

तिसऱ्या फेरीनंतर इंडेक्स 40 च्या आसपास, सहाव्यानंतर 10 च्या खाली. गुरुजींच्या वहीत आधी लक्ष सुधारलं (‘एका हाकेत बघतो’), मग मारामाऱ्या कमी झाल्या, पाढे सर्वांत शेवटी. ईईजी सुधारल्यावर शाळा सुधारायला तीन-चार महिने मागून लागले. या मधल्या काळात आईवडिलांना आणि मलाही वाटत होतं की काही उपयोग झाला नाही.

मग घसरण. एप्रिलमध्ये शेवटची नोंद चांगली होती. मग उन्हाळ्याची सुट्टी, गुरुजी त्यांच्या गावी, वही बंद. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला: ‘सर, पोरगं परत पहिल्यासारखं वाटतंय.’ ईईजीत इंडेक्स 60. फिट एकही नाही. आणखी चार फेऱ्या दिल्या, या वेळी वडिलांनी कशाला म्हणून विचारलं नाही.

आज भैय्या दहा वर्षांचा आहे, पाचवीत. फिट नाहीत, क्लोबाझाम कमी डोसमध्ये चालू आहे. नऊपर्यंतचे पाढे पक्के, अकरा-बारा अडखळत. वाचतो, पण वर्गाच्या मागे आहे आणि लांब सूचना एकदम दिली तर शेवटचाच तुकडा पकडतो. हा उपद्रव बहुतेक मुलांत वयात येताना ईईजीवरून जातो, मात्र तोवर झालेलं नुकसान अनेकांत काही अंशी राहतं, आणि उपद्रव जितका लांबतो तितकं ते जास्त असतं. माझे सहा महिने आणि क्लोबाझामचे दोन यांचा हिशोब त्यात आहे. नेमका किती, ते एका मुलावरून काढता येत नाही.

पुन्हा वेळ आली तर

रोलँडिक वाटणाऱ्या मुलाला दोन फिटनंतर लगेच औषध द्यायलाच हवं होतं का, याचाही मी विचार केला. आईवडील घाबरलेले होते, दुसरी फिट मोठी होती, औषध दिलं यात मला चूक वाटत नाही. निवड आता वेगळी करीन. आणि झोपेतल्या रेकॉर्डिंगशिवाय निदान पक्कं म्हणणार नाही.

क्लोबाझाम की स्टेरॉइड यावर नंतर, 2024 मध्ये, युरोपातल्या एका चाचणीचा निकाल आला. 45 मुलं, चिठ्ठी टाकून दोन गट. सहा महिन्यांनी बुद्ध्यंकात ठरवलेली वाढ स्टेरॉइड गटातल्या सुमारे पाव मुलांत दिसली, क्लोबाझाम गटात कुणातही नाही. मुलं पुरेशी मिळाली नाहीत म्हणून ती चाचणी लवकर थांबवली होती, तेव्हा यावरून छाती ठोकून बोलता येत नाही. पण क्षयाची तपासणी दोन दिवसांत होते. तिची भीती धरून मी आठ आठवडे घालवले, ते आज घालवणार नाही. तपासणी आधी करीन आणि मग भीती ठेवायची का ते ठरवीन.

ईईजीची तारीख शाळेच्या वेळापत्रकावरून ठरवीन. सुट्टी लागण्यापूर्वी एक, कारण मे महिन्यात या मुलाकडे लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नसतं.

गोळ्या न्यायला आलेल्या प्रत्येक मुलाला आता दोन गोष्टी करायला लावतो: हात पुढे धरून उभं राहणं आणि शाळेची वही उघडणं. तीन मिनिटांची भेट सात मिनिटांची झाली आहे, बाहेरचे पेशंट कुरकुरतात.

आणि ईईजीच्या चिठ्ठीवर लाल पेनने लिहितो: झोप हवी, नाही मिळाली तर पुन्हा बोलवा. मागच्या महिन्यात लॅबमधून फोन आला, ‘सर, दोन तास झाले, पोरगी झोपतच नाही, उलट गाणी म्हणतेय. काय करू?’ म्हटलं, लाईट बंद कर, पंखा लाव, आईला शेजारी आडवं व्हायला सांग, आणि तू बसून राहा.